बेंदराच्या दिवशी सोडलेली पवनचक्की

"आज सुटायची न्हाई ती," आबा म्हणाले, आणि चक्कीच्या हातरहाटाच्या दांड्याला त्यांनी दोरीचा तिसरा वेढा घातला.

"अहो आबा, साहेब पुण्याहून निघाले असतील."

"निघूंदेत की. उंद्या या म्हनावं. उंद्या दिसभर फिरवून दावतो, बघून बघून दमत्याल."

"उद्या त्यांना सोलापुराकडं जायचंय. परत यायचे नाहीत ते. यादी या महिन्यात बंद होतेय. किती वेळा सांगायचं?"

"मग आज बेंदूर हाय ह्ये तू त्यास्नी किती येळा सांगितलंस?"

मी एकदाही सांगितलं नव्हतं. साहेबांचं पत्र आलं तेव्हा मी नुसती तारीख बघून हरखले होते, पंचांग बघायचं सुचलंच नाही. बैलांच्या गावात वाढलेली बाई मी, आणि बेंदूर विसरले! तालुक्याच्या शाळेत बारा वर्षं खडू झिजवला की सण फक्त सुट्टीच्या यादीत उरतात, आणि त्या वर्षी बेंदूर रविवारी आला होता. यादीत नव्हताच.

पण चुकलेल्या माणसाला जास्त जोर येतो. मी आवाज चढवला. "आबा, गावातले बैल आज जुंपू नका, त्यांना पोळ्या घाला, मी कशाला नाही म्हणू? पण हे लोखंड आहे. लोखंडाला कसला आलाय सण? त्याचे खांदे दुखतात होय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, हे मला अजून आठवतं. मग ते मिटलं.

"आता तुला काय सांगायचं," ते म्हणाले. "शिकलीयास तू." आणि खांद्यावरचा टॉवेल झटकून ते गावाकडे चालायला लागले. मिरवणुकीत आमचा बैल पुढे असायचा आणि त्याला आबांशिवाय कुणी आवरत नसे.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. आमचं गाव पांढरमाळ, साताऱ्याच्या पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात. पाऊस आम्हाला नेहमी चुकवून जातो, वारा मात्र कधी चुकला नाही. आषाढात तर असा सुटतो की दोरीवरचं लुगडं शेजारच्या शिवारात सापडतं. त्या वाऱ्यावर गावाच्या माथ्याला आमची पवनचक्की फिरायची. चाळीस फूट उंच, चार पायांची, वर अठरा पात्यांचं चाक आणि मागे पत्र्याचं रुंद शेपूट. वारा फिरेल तसं ते शेपूट चाकाला वाऱ्यासमोर धरायचं, चाकाबरोबर वरच्या पेटीतली दातेरी चाकं फिरायची, त्यांनी एक लांब गज खाली-वर व्हायचा, आणि विहिरीतलं पाणी खट्‌-खट्‌ करत हौदात पडायचं. चक्की थांबवायची तर पायथ्याचा हातरहाट फिरवून तार ओढायची. शेपूट मिटून चाकाला लागायचं, चाक वाऱ्याला आडवं व्हायचं आणि गप्प बसायचं. एवढीच ती विद्या. ती पहिल्यांदा माझ्या आज्याला आली, मग आबांना.

चक्की आली अडतीस साली, संस्थानच्या काळात. त्याआधी त्याच विहिरीवर मोट चालायची. विहीर साठ हात खोल. छत्तीसच्या दुष्काळात मोटेचा एक बैल पाणी ओढता ओढता धावेवरच छाती फुटून मेला, आणि जोडीचा दुसरा आठ दिवसांत गेला. ती बातमी दरबारात गेली आणि तिथल्या कुणा हौशी इंजिनिअरने परदेशातून ही चक्की मागवली. स्टेशनापासून सात बैलगाड्यांतून तिचे तुकडे आले. ती उभी राहिली तेव्हा माझ्या आज्याने गावाला सांगितलं की ही बैलांच्या जागी आलीय, तर बैलांचा मान हिचा. तेव्हापासून बेंदराला ती बांधून ठेवायची, पायांना गेरू लावायचा, पायथ्याशी पोळीचा निवद ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर सोडायची.

हे सगळं मी लिहून काढलं होतं. चाळीस पानांची वही. दरबारचे कागद धुंडाळले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, गाड्या हाकणाऱ्या सातांपैकी चौघांची नावं शोधून काढली. बेंदराच्या चालीवर तर दीड पान होतं. त्या वहीचा मला फार तोरा होता.

तो तोरा कामाचाही होता, हे सांगायला पाहिजे. कारण चक्कीचं मरण ठरलं होतं. विहिरीवर विजेची मोटार बसली, आणि सरपंच सर्जेराव मगर यांनी पंचायतीत ठराव आणला की चक्की मोडून भंगारात द्यावी. मोटारीला दिवसातून चार तास वीज यायची, तीही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. बाकीच्या वेळी जनावरं चक्कीच्याच हौदावर पाणी प्यायची. पण सर्जेरावांना तिची लाज वाटायची. पाव्हणे हसतात म्हणे. आबा त्या ठरावानंतर पंधरा दिवस धड जेवले नव्हते. मी त्यांना म्हटलं, "आबा, बघा, मी हिला हात लावू देत नाही कुणाला." आणि पुण्याच्या वारसा समितीला अर्ज केला. सोबत वही जोडली. उत्तर आलं, की समितीचे मिराशी साहेब स्वतः पाहणीला येतील, आणि चक्की चालू स्थितीत असल्यास पहिल्या वर्गात नोंद होईल. पहिल्या वर्गाला सरकार देखभालीचा माणूस देतं. म्हणजे आबा. बंद असल्यास दुसरा वर्ग. दुसऱ्या वर्गाचं काय होतं, ते पत्रात लिहिलं नव्हतं.

एवढ्यासाठी मला ती त्या दिवशी फिरायला हवी होती.

मिराशी साहेब अकराला आले. बारीक अंगाचा, चष्म्याला दोरी लावलेला, भला माणूस. जीपमधून उतरले आणि टोपी काढून चक्कीकडे बघतच राहिले. "बाई," ते म्हणाले, "महाराष्ट्रात अशी दुसरी मी पाहिलेली नाही. तुमची वही मी दोनदा वाचली. आता फक्त हिला फिरताना बघू द्या."

"आज आमचा सण आहे," मी म्हटलं. "वडील मिरवणुकीत गेलेत."

"अरेरे. मग बंदच?"

त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला आबांचा राग आला. चांगला माणूस एवढ्या लांबून आलाय, चक्की वाचतेय, आणि आबा रूढीचं घेऊन बसलेत! गावातून हलगीचा आवाज येत होता. मिरवणूक मारुतीच्या पारापाशी असणार. तिथून परतायला तासभर तरी लागतो, हा हिशेब मी उभ्या उभ्या केला.

"बंद कशाला?" मी म्हटलं. "दाखवते की."

साहेबांनी कॅमेरा काढला. पायथ्याशी एक पत्र्याचा डबा होता, काळ्या तेलाने काठोकाठ भरलेला. फोटोत घाण दिसेल म्हणून मीच तो उचलला आणि हौदाआड नेऊन ठेवला. निवदाची पोळीही बाजूला केली. मग दोरीचे तिन्ही वेढे सोडले, खिट्टी काढली आणि तार ढिली केली.

शेपूट सरळ झालं. चाक वळलं, वाऱ्यासमोर आलं आणि फिरायला लागलं. गज खाली-वर व्हायला लागला, पाणी आलं. मिराशी साहेब लहान मुलासारखे "वा! वा!" करत फोटो काढत सुटले. काय सांगू, माझा ऊर भरून आला होता. वाटलं, आबा येऊन बघतील आणि चिडतील, पण संध्याकाळी जेवताना हसतील.

दहा मिनिटं ती छान फिरली. मग वर कुठेतरी बारीक शीळ घातल्यासारखं वाजायला लागलं. साहेबांनी कान टवकारले. जीपमधून टेपरेकॉर्डर आणला आणि माझ्याजवळ धरला.

"हा आवाज हिचा नेहमीचा का?"

नव्हता. लहानपणापासून त्या खट्‌-खट्‌वर मी झोपले होते, तिच्या आवाजात शीळ नव्हती. आज वारा जास्त आहे म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आणि साहेबांसमोर माहीत नाही म्हणायची माझी तयारी नव्हती.

"हो," मी म्हटलं. "जुनी आहे, बोलते अशी."

त्यांनी ते टेप करून घेतलं. माझा आवाजसुद्धा.

शिळेची किंकाळी झाली. माळावरच्या शेळ्या उधळल्या. आता मी घाबरले आणि हातरहाटाकडे धावले, पण वारा इतका होता की दांडा मला एकटीला फिरेना. साहेब धावत मदतीला आले, त्यांच्या नाजूक हातांनी काय होणार! तेवढ्यात वर कडाडकन्‌ आवाज झाला. गज एकदा उसळून अडकला, चाक हिसका खाऊन थांबलं, परत फिरलं, परत थांबलं, आणि एक पातं सुटून शंभर पावलांवर शेतात जाऊन रुतलं.

आबा धावत येत होते. तोंड गुलालाने माखलेलं, फेटा कुठे पडलेला. मिरवणुकीत वाजतगाजत असताना त्यांनी तो आवाज ओळखला होता आणि बैल तिथेच सोडून सुटले होते. आले ते माझ्याकडे न बघता हातरहाटाला भिडले. दांड्यावर सगळं अंग टाकून त्यांनी तार ओढली, शेपूट मिटवलं, खिट्टी मारली. मग धापा टाकत शिडी चढून वर गेले. सत्तावन्न वर्षांचा माणूस.

बराच वेळ ते खाली आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी मूठ उघडली. तळहातावर दातेरी चाकाचे चार दाते होते. ते त्यांनी मला हात लावून बघायला लावले. अजून चटका बसत होता.

"ह्यात त्येल न्हवतं," ते हळूच म्हणाले, साहेबांना ऐकू जाणार नाही असं. "दर बेंदराला पहाटं जुनं त्येल काढतो. राकेलनं पेटी धुतो आन्‌ दिसभर उघडी सोडतो. नवं त्येल दुसऱ्या दिशी. त्येच्यापायीच तर बांधतो तिला. तुझ्या आज्यानं लावलेली चाल हाय. तुला ठावं न्हवतं व्हय?"

नव्हतं. दीड पान लिहिलं होतं मी बेंदरावर, पण बेंदराच्या पहाटे मी कधी चक्कीवर गेलेच नव्हते. आमच्याकडे त्या दिवशी पोरी चुलीपाशी. सहा वर्षांची झाल्यापासून मी पाट्यावर पुरण वाटत होते. म्हाताऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांनी गेरू सांगितला, निवद सांगितला, मान सांगितला. तेलाचं कुणी काय सांगणार! ते काम होतं, आणि मी त्यांना सण विचारला होता.

मिराशी साहेब जवळ आले. पांढरेफटक पडले होते. "काय झालं हो?"

आबांनी मूठ मिटली. "काय न्हाई सायेब," ते म्हणाले. "म्हातारी झालीया. कवा ना कवा व्हनारच व्हतं."

आणि ते शेतात पातं उचलायला गेले.

साहेब हौदाच्या काठावर बसले. चष्मा पुसला, परत घातला. "बाई, अडचण झाली. पाहणीच्या वेळी माझ्यासमोर वारसावास्तू मोडली, असं कागदावर आलं तर मला उत्तर द्यावं लागेल. देखभाल करणारा नसताना ती कुणी सुरू केली, हेही येईल. तुम्ही जिल्हा परिषदेच्या नोकरीत आहात ना?"

"हो."

"मग असं करू. ती बंदच होती असं लिहू, फोटो आणि टेप मी जोडत नाही. कित्येक वर्षांपासून बंद. दुसऱ्या वर्गात तर दुसऱ्या वर्गात, पण यादीत येईल. मोडता येणार नाही कुणाला. शेवटी हेतू तोच ना?"

आता सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते सुटल्यासारखं. त्यांनी कागद पुढे केला. माझं अक्षर बरं म्हणून लिहिलंही मीच: 'सदर पवनचक्की अंदाजे दहा वर्षांपासून बंद अवस्थेत असून तिचा उपयोग होत नाही.' खाली सही केली. लिहिताना हौदात पाणी डुचमळत होतं, मघाशी चक्कीनेच काढलेलं.

चक्की यादीत आली. सर्जेरावांचा ठराव बारगळला. लगेच त्यांनी ती आपणच वाचवल्याची भाषणं ठोकायला सुरुवात केली, आणि गावाने टाळ्या वाजवल्या. भोवती तारेचं कुंपण झालं, फाटकाला कुलूप लागलं. कुणीतरी येऊन तिला चंदेरी रंग फासून गेला. पाटी लागली: 'संरक्षित वारसा. हात लावू नये.' आणि स्थानिक समितीची सचिव म्हणून माझी नेमणूक झाली. वहीचं पुस्तक निघालं. पुढे त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. पुण्यात, मुंबईत मला बोलायला बोलावलं जाऊ लागलं. मी बैलाच्या मरणापासून सुरू करायची आणि बेंदराच्या चालीवर संपवायची. तिथे बायका डोळे पुसायच्या.

हौद मात्र कोरडा पडला. जनावरं खालच्या ओढ्यापर्यंत हाकून न्यावी लागायची. आई एकदा नुसतं म्हणाली, "वाचली म्हंत्यात. पानी कुठं हाय मग?" मी म्हटलं, "आई, तुला नाही कळायचं ते."

आणि आबा? त्यांनी त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही. घरात, गावात, कुणापाशी माझं नावही काढलं नाही. पण ते चार दाते त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. कुंपण व्हायच्या आधीच्या पंधरा दिवसांत चारदा वर चढून त्यांनी मापं घेतली होती. नामदेव सुताराकडून सागवानी साचा करून घेतला आणि एसटीने कोल्हापूरला जाऊन एका ओतकामवाल्याला गाठलं. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला ते गोणपाटात गुंडाळलेलं नवं दातेरी चाक घेऊन घरी आले. एवढं जड की स्टँडपासून बैलगाडी करावी लागली.

त्या रविवारी मी घरी गेले तर ओसरीवर ते चाक मांडलेलं, आणि आबा चिंधीने एकेक दाता पुसत बसलेले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं.

"बघ," ते म्हणाले. "एका केसाचाबी फरक न्हाई. दोन दिसांचं काम. पेटी उघडायची, ह्ये बसवायचं, त्येल भरायचं. पानी सुरू."

"आबा, ती आता संरक्षित आहे. परवानगी लागते."

"मग माग की परवानगी. सचिव हायेस न्हवं तू? ल्ही अर्ज."

मी लिहिला. तिथेच ओसरीवर बसून, आबा सांगतील तसा. त्यांनी खाली सही केली, एकेक अक्षर कोरून. धुळा बिरा रुपनवर.

अर्ज पुण्याला गेला आणि तीन आठवड्यांनी माझ्याच टेबलावर परत आला. नियम तसा होता. स्थानिक समितीच्या सचिवांनी अभिप्राय द्यावा.

दोन दिवस मी तो कागद पर्समध्ये घेऊन हिंडले. परवानगी दिली तर पुण्याहून तज्ज्ञ येणार, पेटी उघडणार. दहा वर्षं बंद असलेल्या चक्कीत दाते मोडलेल्या जागा ताज्या चकचकीत कशा, हे त्याला दिसणारच. मग तो कागद निघणार, माझ्या अक्षरातला. त्या वर्षी आदर्श शिक्षकासाठी माझं नाव जिल्ह्यातून वर गेलं होतं. मिराशी साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, मी निवृत्तीला आलोय. तुम्ही सुज्ञ आहात."

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून लिहिलं: 'मूळ भाग बदलल्यास वास्तूचे ऐतिहासिक मूल्य नष्ट होईल. परवानगी देऊ नये.' वाक्य चांगलं जमलं होतं. खोटंही नव्हतं, कुठल्याही सभेत टाळ्या मिळाल्या असत्या. मी त्यावर शिक्का मारला.

नकाराचं पत्र पांढरमाळला आबांच्या नावावर गेलं. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ते ओसरीवरच होते. चाक कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेलं. आबांनी खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"वाच," ते म्हणाले.

पत्र मी आधी पाहिलं नव्हतं. पण त्यात काय असणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं! मी वाचायला लागले. आपला अमुक तारखेचा अर्ज. सदर वास्तू संरक्षित असल्याने. आणि मग माझ्या सासरच्या नावाची ती ओळ आली: 'स्थानिक समितीच्या सचिव श्रीमती शालन कोळेकर यांच्या प्रतिकूल अभिप्रायास अनुसरून.' मी ती गाळली. श्वाससुद्धा न घेता पुढच्या ओळीवर गेले. परवानगी देता येत नाही, कळावे.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं."

"बास, येवढंच?"

"एवढंच आहे आबा. वरनंच नकार आलाय. मी फार प्रयत्न केले."

"पोस्टमननं वाचून दावलं व्हतं शुक्रवारी," आबा म्हणाले. "त्येनं एक वळ जास्ती वाचली."

म्हटलं आता ते ओरडतील, मारतील सुद्धा, आणि मारलं तर बरं होईल असं मनापासून वाटलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, जेवायला बसतेस का विचारावं तसा.

"नोकरीवर गदा येतीया, येवढं नुसतं बोलली आसतीस, शाले, तर म्या अर्जच केला नसता गं."

मला रडूही आलं नाही. आबा उठले, कोपऱ्यातल्या गोणपाटाचं एक टोक त्यांनी उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"आबा, कुठं नेताय?"

"हिरीत टाकाया. घरात ऱ्हायलं तर उंद्या कोन तरी इचारंल, ह्ये कशाचं म्हून." त्यांनी टोक नीट धरलं. "एकट्यानं उचलत न्हाई मला. धर तिकडनं."

मी धरलं.